संशोधनाचा गुरुवार

मला सगळे प्रोफेसर म्हणतात. आमच्या अनोमाबो गावच्या बाजारातल्या मासळीवाल्या म्हणतात, चर्चमधले म्हणतात, टॅक्सीवाले तर लांबूनच 'प्रोफेसर, बसा!' म्हणून ओरडतात. माझी बायको आराबा मी नोकरीला चिकटलो त्या दिवसापासून आपल्या गोठवलेल्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाइकांना 'आमचे प्रोफेसर' असंच सांगत आलेली आहे. म्हणत नव्हतं ते फक्त विद्यापीठ. विद्यापीठाच्या लेखी मी डॉक्टर क्वामेना एस्सुमान, सिनियर लेक्चरर. ज्यांच्या प्रबंधातल्या स्पेलिंगच्या चुका मी काढल्या, ती पोरं माझ्या डोळ्यांदेखत प्रोफेसर होऊन गेली आणि जाताजाता मला 'सर, हळूहळू होईल' असा धीरही देऊन गेली.

अडलं होतं एका लेखावाचून. लेखाचा विषय होता : विद्यापीठातले प्राध्यापक आपला कामाचा वेळ कसा वाटून घेतात. तो लेख लिहायला मला वेळ मिळत नव्हता. (हसून घ्या. सगळं विद्यापीठ हसून बसलंय.)

आमच्याकडे नियम असा की प्राध्यापकाने आपल्या वेळेचे पाच वाटे करावेत. दोन शिकवण्याला, दोन संशोधनाला आणि एक सेवेला. सेवा म्हणजे कमिट्या. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पानात उकडलेला मक्याच्या पिठाचा केंकीचा गोळा असावा. पान सोडलं, सुरी घातली, झाले वाटे. प्रत्यक्षात कोण काय करतं ते बघायला मी घरोघर हिंडलो होतो. भौतिकशास्त्राचे एक गृहस्थ म्हणाले, "मी सतत विचार करत असतो, म्हणजे माझं संशोधन चोवीस तास चालू." (हे सांगताना ते अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते.) कायद्याच्या बाई म्हणाल्या, त्या आंघोळ करताना संशोधन करतात, कारण तेवढाच दरवाजा आतून बंद होतो. इतिहासाच्या माणसाने तर माझ्याशी बोलायलाच नकार दिला. म्हणाला, वेळेबद्दल बोलायला मला वेळ नाही. माहिती अशी झकास जमली होती. फक्त बसून लिहायचं होतं.

आणि एक दिवस आमच्या विभागप्रमुख प्रोफेसर ओडूम मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"एस्सुमान, तुमचा तो लेख डिसेंबरच्या आत मान्य झाला नाही, तर बढतीचा अर्ज रद्द होतोय."

"पुन्हा करता येईल ना, मॅडम?"

"येईल की. पण त्याचा निकाल लागेल तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल."

मी खोलीत परत आलो आणि एक छोटासा निर्णय घेतला. एक कागद घेतला, त्यावर लिहिलं : 'गुरुवार संशोधनाचा. कृपया त्रास देऊ नये.' आणि दाराला चिकटवला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "एस्सुमान, तुमच्या दारावर वाचलं. गुरुवारी मोकळे असता म्हणे?"

"मोकळा नाही मॅडम, संशोधन..."

"तेच ते. कॅन्टीन कमिटीला गुरुवारी कुणी मिळत नव्हतं. बरं झालं."

त्या गुरुवारी दुपारी मी कॅन्टीनच्या तळलेल्या माशांचा आकार लहान का होत चाललाय यावर चर्चा केली. ती पुढच्या गुरुवारवर गेली. मग परीक्षा कमिटीला कळलं, मग क्रीडा कमिटीला. विद्यार्थी तर रांग लावायला लागले. 'सर इतर दिवशी शिकवण्यात असतात, गुरुवारी भेटतात' असं त्यांनी एकमेकांना कळवलं होतं.

म्हटलं, घरी बसावं. आराबाला सांगितलं, आता मी गुरुवारी घरीच थांबणार.

"देवच पावला!" ती म्हणाली. "तेमा बंदराहून मासळीचा ट्रक गुरुवारीच येतो. उतरवून घ्यायला घरचं माणूस नाही म्हणून मी किती दिवस चिडतेय."

"आराबा, मी घरी असणार म्हणजे लिहीत असणार."

"लिही की. ट्रकमधून किती खोकी उतरली ते लिही."

तीन गुरुवार मी बांगड्यांची खोकी लिहिली. आधुनिक शिक्षणशास्त्राला त्याचा काही उपयोग झाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

मग मी जरा डोकं चालवलं. (इथेच घात झाला. आजवर मी डोकं चालवलं की घात झालेला आहे.) विभागात सांगितलं, गुरुवारी मी घरी काम करतो. घरी सांगितलं, गुरुवारी मला विभागात जावं लागतं. दोन्हीकडच्यांनी कुरकुरत का होईना, मान्य केलं. आता प्रश्न एवढाच उरला की मी जाणार कुठे?

आमच्या बाजाराच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला एग्या यामोआचं शवपेट्यांचं दुकान आहे. मागे सुतारकाम चालतं आणि पुढच्या खोलीत तयार पेट्या मांडलेल्या असतात. तिथे मी एकदा खुर्चीचा पाय दुरुस्त करायला गेलो होतो आणि ती खोली मनात भरली होती. समुद्राचा वारा. करवतीचा आवाज लांबून, झोप येईल असा. आणि मुख्य म्हणजे, विनाकारण आत कुणी डोकावत नाही. जो येतो तो आपल्याच दुःखात असतो; तुम्हाला क्रीडा कमिटीवर घ्यावं असं त्याच्या मनात येत नाही.

"बस," एग्या यामोआ म्हणाला. त्याला फारसं बोलायला आवडत नाही. बोललाच तर धंद्याचं बोलतो. "पण पांढऱ्या पेटीवर चहा ठेवायचा नाही. डाग पडला तर तीच तुझ्या गळ्यात मारीन."

मी एक पिवळी पेटी निवडली. चांगली ऐसपैस होती, झाकण सपाट होतं, कागद पसरून दोन्ही हात टेकता यायचे. पहिल्याच गुरुवारी मी दोन पानं लिहिली. आयुष्यात इतका शांत, इतका सुखी मी कधी नव्हतो. आजूबाजूला सगळ्या पेट्या, आणि मधे मी एकटाच जिवंत, तोही संशोधन करणारा!

पण माझी पाठ. तासन् तास वाकून बसलं की ती धरते. एका दुपारी ती इतकी आखडली की सरळ झाल्याशिवाय पुढचं वाक्य सुचेना. फरशीवर लाकडाचा भुसा. बाजूला एक गादी घातलेली, निळ्या अस्तराची पेटी उघडी पडलेली. मी बूट काढले आणि पाच मिनिटं म्हणून तिच्यात आडवा झालो.

जाग आली ती कुणाच्या तरी चाहुलीने. मी उठून बसलो. समोर आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख, मान्सा आंटी, उभ्या. कुणा नातेवाइकासाठी पेटी बघायला आलेल्या. आता अशा वेळी माणसाने काय बोलायचं असतं? मी आपलं सभ्यपणे म्हणालो, "नमस्कार आंटी. ही आरामशीर आहे हो."

आंटी छातीवर हात ठेवून आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं, त्यांना निळा रंग आवडला नसावा.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे बावळट ठराल. मान्सा आंटी तिथून तडक आराबाच्या दुकानात गेल्या. आराबा आधी हसली. म्हणाली, आमचे प्रोफेसर विभागात आहेत. मग तिने विभागात फोन लावला. विभाग म्हणाला, सर तर गुरुवारी घरी असतात. झालं. आराबाने दुकान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी एग्या यामोआला गाठलं.

"माझा नवरा तुझ्याकडे येतो?"

"दर गुरुवारी," एग्या म्हणाला.

"कशासाठी?"

"त्याची ती पिवळी ठरलीय. काल निळीत पण पडून बघितलं."

"काही बोलतो का?"

"डिसेंबरच्या आत संपवायचंय म्हणतो. मी म्हटलं, घाई काय? तर म्हणाला, माझ्या हातात नाही."

तिथूनच आराबाने ओडूम मॅडमना फोन करून हे कानावर घातलं. आणि मी? मला एवढंच जाणवलं की जग एकाएकी सुधारलंय.

त्या रात्री समोर कुटलेल्या कंदांचा फुफू आणि पाम फळाचा रस्सा आला. साध्या वारी! वर खेकडा, बकऱ्याचं मटण आणि धुरावलेला मासा असे तिन्ही एकाच वाडग्यात. आराबा समोर बसून मी जेवताना नुसती बघत होती. "आणखी घे, क्वामेना," ती म्हणाली. एरवी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की ती माझ्या पोटाकडे बोट दाखवते.

"ट्रकचं काय?" मी विचारलं.

"ट्रक मरू दे," ती म्हणाली, जीभ चावली आणि आत निघून गेली.

विभागातही तेच. ओडूम मॅडमनी माझी दोन्ही मोठी लेक्चर्स दुसऱ्याला दिली. कॅन्टीन कमिटीतून माझं नाव गेलं, परीक्षा कमिटीतून गेलं, क्रीडा कमिटीने तर मला न विचारता सोडून दिलं. विद्यार्थी जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायला लागले. इतिहासाच्या माणसाने माझा खांदा दाबून म्हटलं, "एस्सुमान, तुला वेळ नाही म्हणालो होतो. कधीही ये रे. आजसुद्धा."

मला वाटलं, माणसाने ठाम राहिलं की लोक ऐकतात! दारावरच्या कागदाकडे मी अभिमानाने बघायचो. लेख भराभर पुढे सरकत होता. फक्त शेवट जमत नव्हता.

मग एका रविवारी, चर्चनंतर, आमच्याकडे पाहुणे आले. आराबाचे एन्सिया मामा, म्हणजे तिच्या घराण्यातले सर्वांत वडील, खांद्यावरून कापड घेऊन, काठी टेकत. सोबत मान्सा आंटी. आराबा दाराशी उभी. मामांनी आधी पाणी घेतलं, मग घसा साफ केला. मला वाटलं, माझ्या लेखाची बातमी यांच्यापर्यंत पोहोचली. मी खूश झालो.

"क्वामेना," मामा म्हणाले, "तू आमच्यापासून लपवलंस."

"मामा, पुरं व्हायच्या आधी कशाला सांगायचं? लोक रोज विचारत बसतात, झालं का, झालं का."

मान्सा आंटींनी रुमाल काढला.

"मुदत किती दिलीय?"

"डिसेंबरपर्यंत."

"कोणी?"

"वरच्यांनी." (वरचे म्हणजे आमची बढती समिती. ती दुसऱ्या मजल्यावर बसते.) मामांनी छताकडे बघून मान खाली घातली.

"त्रास होतो का रे फार?"

"पाठ आणि मान. पण खरा त्रास शेवटाचा आहे, मामा. आतापर्यंतचं सगळं बरं गेलं. शेवट कसा करायचा तेच कळत नाही."

"कुणाला कळतंय, पोरा," मामा म्हणाले. "राजधानीत, अक्राला कुणाला दाखवलंस का?"

"दोघांना दाखवलं. एक म्हणाला, फार लांबलंय, कापावं लागेल. दुसरा म्हणाला, कापूनही उपयोग नाही, यात जीवच नाही."

दाराशी आराबाने हुंदका दिला. मला भरून आलं. माझ्या लेखाचं हिला इतकं वाटत असेल याची मला कल्पना नव्हती.

"रडू नकोस गं," मी म्हणालो. "मी गेल्या आठवड्यात तो मधला भाग काढून टाकला. आता बरंच हलकं वाटतंय."

"स्वतःच काढलास?" मान्सा आंटी किंचाळल्या.

"दुसरं कोण काढणार?"

मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मोठ्या माणसाने बोलायचं अवघड बोलणं आता त्यांना बोलायचं होतं. "बरं. यामोआकडची ती पिवळी पेटी. ती नक्की का? घराण्याला काही वेगळं वाटलं तर चालेल?"

माझी चोरी पकडली गेली होती. मी ओशाळून म्हणालो, "तिथे जातो ते कळलं का तुम्हाला? हो, पिवळीच बरी पडते. रुंद आहे. दोन्ही हात टेकतात आणि कागदही मावतात."

"कागद?" मामा म्हणाले.

"लिहायला."

मामांनी आंटींकडे बघितलं, आंटींनी आराबाकडे.

"तू आत गेल्यावर लिहिणार?" मान्सा आंटींनी हळूच विचारलं.

"आत नाही हो, वर! झाकणावर! आत मी फक्त पाठ मोकळी करायला..." आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुफू, खेकडा, कमिट्या, जिन्यातली पोरं, सगळं एकदम. "थांबा. तुम्हाला काय वाटलं, मी मरतोय?"

 आराबा स्वयंपाकघरात गेली. फ्रीझरचं झाकण आपटल्याचा आवाज आला आणि ती एक गोठलेला बांगडा शेपटीला धरून बाहेर आली. ज्यांनी गोठलेल्या बांगड्याचा मार खाल्लेला नाही त्यांना सांगतो, तो वितळेपर्यंत लाकडासारखाच असतो. मामांनी तिला आवरलं. पण त्यांनी घाई केली नाही.

दोन टोले बसल्यावर ती जमिनीवर बसली आणि रडली. या वेळी दुःखाने नाही.

"मी अंत्यविधीचं काळं कापड घेऊन ठेवलं होतं," ती म्हणाली. "कापडाच्या दुकानात उभी राहून मी निवडलं. लाल किनार घ्यावी की नुसतं काळं, ते मला ठरवता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हे क्वामेनाला विचारलं पाहिजे."

 मी तिच्याशेजारी खाली बसलो. पाठ दुखत होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"लपायचंच होतं," नाक पुसत ती म्हणाली, "तर माझ्या दुकानामागची रिकामी खोली आहे. तिथे बसायचंस. मला एकदा सांगितलं असतंस, तर दाराशी मी बसले असते. बघितलं असतं कोण आत जातं ते."

मामा उठले. जाताना मान्सा आंटींना म्हणाले, "चर्चमध्ये तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी सोमवारी विभागात जाऊन खरं काय ते सांगून टाकणार होतो. कपडे करून निघालोसुद्धा. आराबाने दारात अडवलं.

"शेवट झाला लिहून?"

"थोडा राहिलाय."

"मग इतक्यात काही सांगायचं नाही, आंटींनाही मी थांबवलंय. अजून दोन आठवडे जरा खोकत जा."

"आराबा! हे बरोबर नाही."

"तुझ्या मॅडमनी तुला माशांच्या आकारावर बसवलं ते बरोबर होतं? आणि माझं कापड वाया गेलं, ते? खोक मुकाट्याने."

(तिचं हिशेबी डोकं माझ्याकडे असतं तर मी कधीच व्हाइस चान्सलर झालो असतो.) मी खोकलो. जिन्यात खोकलो, विभागाच्या दारात खोकलो, एकदा ओडूम मॅडमच्या खोलीबाहेर तर इतका मनापासून खोकलो की खरोखरच घसा बसला. दुपारी दुकानामागच्या खोलीत लिहायचो. बाहेर स्टुलावर आराबा. 'प्रोफेसर आहेत का?' म्हणून आलेल्या माणसाला ती आधी किलोभर मासळी घ्यायला लावायची आणि मग 'नाहीत' म्हणून सांगायची. लेखाचा शेवट लिहून झाला. प्राध्यापकाला संशोधनासाठी वेळ हवा असेल तर तो आजूबाजूच्यांच्या दयेतूनच मिळतो, असा निष्कर्ष मी काढला. पुरावा काय, ते मात्र लिहिलं नाही. लेख वेळेत मान्य झाला. पुढे यथावकाश बढतीही झाली आणि टॅक्सीवाले इतकी वर्षं बरोबर बोलत होते असं ठरलं.

विभागाने चहा ठेवला. खिमा भरलेले मीट पाय होते, माल्टच्या थंडगार बाटल्या होत्या. सगळे माझ्याकडे चमत्कार बघावा तसे बघत होते. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं : पेटी, पाठ, मान्सा आंटी, खोकला. माझी अपेक्षा होती की कुणीतरी चिडेल. पण आधी हशा झाला, मग टाळ्या झाल्या, मग मीट पाय संपले.

ओडूम मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. पांगापांग झाल्यावर बाटली हातात घेऊन त्या माझ्याजवळ आल्या.

"म्हणजे तुम्ही आजारी नव्हतातच?"

"नाही मॅडम. माफ करा."

"मला वाईट याचं वाटतंय, एस्सुमान, की आम्ही तयारीला लागलो होतो. विभागातर्फे अंत्यविधीत वाचायचं भाषण मी स्वतः लिहायला घेतलं होतं."

आता आमच्याकडे या भाषणाला फार मान असतो. साध्या कारकुनाचंसुद्धा अर्धा तास चालतं, लोक धाय मोकलून रडतात. आपल्यामागे आपल्याबद्दल काय बोललं जाणार हे जिवंतपणी ऐकायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य! मी लाजत लाजत विचारलं, "मॅडम, काय लिहिलं होतंत?"

त्यांनी माल्टचा एक घोट घेतला.

"काय सांगू? मी मीटिंग बोलावली. एकेकाला विचारलं, एस्सुमान इतकी वर्षं इथे काय करत होते? तुम्ही फार कामात असायचात, यावर सगळ्यांचं एकमत झालं."

"आणि?"

"कसल्या कामात, ते कुणालाच सांगता येईना. म्हणून मग भाषण काढून टाकलं आणि एक गाणं वाढवलं."